सतरा माणसांची सलामी

दुपारी तीनच्या सुमाराला मी बँडखोलीचं दार ढकललं तर आतून कडी. आमच्या बँडखोलीला आतून कडी लावलेली मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. चोरायला आत होतं तरी काय! सतरा खुर्च्या, एक सागवानी कपाट, भिंतीवर राजेसाहेबांचा फोटो आणि त्याच्याखाली चार बोटं अंतर सोडून माझ्या वडिलांचा. दार वाजवायला हात उचलला, तेवढ्यात आत युफोनियमचा जाड पितळी सूर वाजू लागला.

वाजवणारे इस्माइलचाचा होते. त्यांची फुंक मी झोपेतही ओळखली असती. अठ्ठावीस वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी क्लॅरिनेट वाजवत होतो. पण ते वाजवत होते ते काय, हे मला कळेना. चाल आमची ‘सलामी’च होती, ठेका तोच, वळणं तीच, पण ती ओळ युफोनियमची नव्हती. कॉर्नेटची नव्हती, ट्रॉम्बोनची नव्हती, माझी तर नव्हतीच. आमच्या सतरा जणांपैकी कुणाच्याही वहीत नसलेली ओळ ते वाजवत होते. अडखळत, मागे येत, पुन्हा धरत. म्हणजे समोर कागद होता.

मी दार वाजवलं. सूर तुटला. आत कागदांची सळसळ झाली, कपाटाचं दार लागलं आणि मग कडी निघाली. चाचा घामाघूम झाले होते.

“महादू? तू एवढ्या लवकर?”

“क्लॅरिनेटची रीड राहिली हुती माझी. काय वाजवत हुता, चाचा?”

“काय न्हाई. सलामीच की.”

“कुणाच्या वहीतली?”

चाचांनी माझ्याकडं पाहिलं आणि वाद्य पुसायला घेतलं. “अडुसष्ट वर्षांचा झालो. बोटं काय बी वाजवत्यात,” ते म्हणाले.

आता एवढ्यावर दुसरा कुणी गप्प बसला असता. पण माझा स्वभाव आधीच संशयी. आमची हौसा म्हणायची, “ह्यांना दुधात माशी दिसली न्हाई तर हे चमच्यानं शोधत्यात.” शिवाय आमच्या बँडचा एक कडक रिवाज होता. प्रत्येकानं आपली वही वाजवायची, दुसऱ्याच्या वहीकडं ढुंकून बघायचं नाही. दुसऱ्याची वही वाजवणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, असं माझे वडील, बापू, सांगत. सगळ्या वह्या जिच्यावरून उतरल्या ती मूळ प्रत लाल बासनात बांधून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलेली होती. बापू गेल्यापासून वीस वर्षांत ते बासन कुणी सोडलं नव्हतं. कपाटाची किल्ली सर्वांत जुना माणूस म्हणून इस्माइलचाचांच्या कमरेला असायची.

ही गोष्ट १९७१ सालची. त्या वर्षी सलामीला पन्नास वर्षं पूर्ण होत होती.

चिंचणगड हे आमचं संस्थान हत्तीच्या पावलाएवढं, पण ऐट दिल्लीची. १९२१ साली राजेसाहेब गादीवर बसायचे होते, तेव्हा त्यांनी हट्ट धरला की आपल्या सवारीपुढं आपली स्वतःची चाल वाजली पाहिजे, साहेबांच्या बँडसारखी, पण दुसऱ्या कुणाची नको. त्याआधी चारच महिने जुना बँडमास्तर नोकरी सोडून गेला होता आणि त्याची काठी राजेसाहेबांनी माझ्या वडिलांच्या, गोविंद ऐवळे यांच्या हातात दिली होती. आम्ही होलार. पिढ्यान्‌पिढ्या राजवाड्याच्या दाराबाहेर उभं राहून वाजवणारी माणसं. आमच्यातला माणूस दाराच्या आत, लाल डगला घालून, सतरा जणांपुढं काठी घेऊन उभा राहिला, हे कारभारी मंडळींना मानवलं नव्हतं. अशा वेळी बापूंनी दोन महिन्यांत सलामी उभी केली.

आणि मग ती कशाकशाला वाजली म्हणून सांगू! गादीला वाजली. दर दसऱ्याला सीमोल्लंघनाला वाजली. इंग्रजांचे एजंटसाहेब येत तेव्हा वाजली. राजेसाहेब वारले तेव्हा तीच सलामी निम्म्या चालीत, ढोलावर काळं कापड टाकून वाजली आणि ज्यांना राजा आवडत नव्हता तेही रडले. सत्तेचाळीस सालच्या पंधरा ऑगस्टला वाजली. सात महिन्यांनी संस्थान विलीन झालं, त्या दिवशी राजवाड्यावरचा भगवा उतरताना वाजली आणि तिरंगा चढतानाही वाजली. मध्ये आम्ही फक्त वाद्यांतली थुंकी झटकली. पुढं आमदाराच्या मिरवणुकीला, साखर कारखान्याच्या पहिल्या मोळीला, हायस्कूलच्या खेळांना. बापू गेल्यावर तर लग्नाच्या वरातीतही घुसली. नवरदेव घोड्यावर चढला की लोक ओरडायचे, “सलामी होऊ द्या!” राजा गेला, राज्य गेलं, लाल डगले फाटले, पण सलामी काही उतरली नाही.

तर नगरपालिकेनं ठरवलं, राजवाड्याच्या दरवाजाला संगमरवरी शिळा बसवायची. ‘सलामी. रचना : बँडमास्तर गोविंद रामा ऐवळे.’ ज्या दाराबाहेर माझा आजा पावसात उभा राहून सनई वाजवायचा, त्याच दारावर माझ्या बापाचं नाव लागणार होतं. मी ते अक्षर पाथरवटाकडं जाऊन तीनदा बघून आलो होतो. मला दुसरं काही नको होतं.

आणि आता इस्माइलचाचा दार लावून कुणाच्याही वहीत नसलेली ओळ वाजवत होते.

घरी येऊन मी हौसाला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

“म्हातारा माणूस वाजवत बसला असंल. तुमचं काय गेलं?”

“समोर कागद हुता गं. आणि मी जाताच लपवला.”

“म्हणजे?”

“म्हणजे चाचा सलामीत आपली ओळ घुसवत्यात. उद्या म्हणतील, ही बघा, मास्तरांबरोबर मी बी बांधली हुती. शिळेवर दुसरं नाव.”

हौसा हसली. “ज्या माणसानं सासऱ्याला शेवटी तोंडात पाणी घातलं, त्याच्यावर संशय? चोराच्या मनात चांदणं म्हणत्यात, तुमच्या मनात तर बारमाही पुनव हाय.”

मला राग आला, कारण ती म्हणत होती ते खरं होतं. बापूंच्या अखेरच्या आठवड्यात मी लग्नाच्या सुपाऱ्या वाजवत गावोगाव होतो आणि उशाशी चाचा बसले होते. पण संशयाचं असं असतं, की एकदा घरात शिरला की उपकारसुद्धा त्याला पुरावा वाटतो. मला वाटायला लागलं, की चाचा त्या आठवड्यात बापूंच्या उशाशी एवढे का बसले असतील?

दुसऱ्या दिवशी हायस्कूलमध्ये दीक्षित सरांकडं गेलो. इंग्रजी शिकवत, पेटी वाजवत, स्वरलिपी जाणत. सलामीच्या पन्नाशीच्या स्मरणिकेचं काम त्यांच्याकडं होतं. माणूस सरळ, बोलणं तोलून.

“महादेवराव, बरं झालं आलात,” ते म्हणाले. “मूळ प्रतीच्या पहिल्या पानाचा फोटो स्मरणिकेत घालू या. बुधवारच्या बैठकीत ते बासन सोडू.”

“इस्माइलचाचांना सांगितलंय?”

“परवाच सांगितलं. थोडे गडबडले. मला विचारत होते, की कागद मिळाला नाही तर शिळेवर नाव कुणाचं लागणार.”

“कुणाचं लागणार म्हणजे?”

“मी म्हटलं, लागायचं तेच लागेल. मग बरं म्हणाले आणि गेले.”

कागद मिळाला नाही तर! कागद नाहीसा होणार, हे या माणसाला बैठकीच्या चार दिवस आधीच ठाऊक होतं.

ते चार दिवस मी चाचांवर नजर ठेवली. चाचा कल्हईचं काम करत. त्यांच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर मी एवढा चहा प्यालो, की पित्त झालं. सोमवारी ते भर दुपारी दुकान टाकून बँडखोलीकडं गेले आणि युफोनियमची पेटी घेऊन घरी आले. वाद्य घरी न्यायचा रिवाज नव्हता. शिवाय पेटी ते दोन्ही हातांनी छातीशी धरून आणत होते. मी आडवा गेलो.

“वाद्य घरी, चाचा?”

“पिस्टन अडकतोय. तेल घालतो.”

“खोलीत तेल हाय की.”

“घरचं बरं असतंय,” म्हणाले आणि पुढं निघाले. दहा पावलांवर जाऊन मागं वळून बघितलं. मी तिथंच उभा होतो. त्यांची नजर मला चोराची वाटली. आज मला माहीत आहे ती कसली होती, पण तेव्हा मी शपथेवर सांगितलं असतं, की ती चोराचीच आहे.

बुधवारी अकरा वाजता नगरपालिकेच्या सभागृहात बैठक भरली. अध्यक्षस्थानी नगराध्यक्ष मगदूम. मोठा बोलका माणूस, टाळी पडेपर्यंत वाक्य सोडत नसे. दीक्षित सर, आम्ही बँडवाले, शिवाय गावातले पंधरावीस प्रतिष्ठित. कपाटातून वह्या आणल्या होत्या. बासन नव्हतं.

“इस्माइलभाई, किल्ली तुमच्याकडं. बासन कुठाय?” मगदूमांनी विचारलं.

चाचांनी कमरेची किल्ली मुठीत धरली.

“वाळवी लागली असेल, उंदरांनी नेलं असेल,” दीक्षित सर समजुतीनं म्हणाले. “वीस वर्षं झाली.”

मी उठलो. मला वाटतं, मी त्या दिवशी खाली बसून राहिलो असतो तर उंदरांवर निभावलं असतं आणि सगळ्यांचं आयुष्य सुरळीत गेलं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

“उंदरांनी न्हाई. ह्यांनी नेलंय. सोमवारी दुपारी, युफोनियमच्या पेटीतनं. मी डोळ्यांनी बघितलंय. गेल्या आठवड्यात कडी लावून त्यातलं वाजवत हुते. शिळेवर आपलं नाव घालायचंय ह्यांना. माझ्या बापाचं मीठ खाल्लं आणि आता त्याच्या नावावर डोळा!”

चाचा हळूहळू उभे राहिले.

“नेलंय मी,” ते म्हणाले.

“मग आणून द्या.”

“न्हाई द्यायचो.”

“का न्हाई?”

“ते सांगायचं न्हाई.”

मगदूम म्हणाले, “इस्माइलभाई, ही पालिकेची मालमत्ता आहे. उद्या पोलिसात द्यावं लागेल.”

“द्या,” चाचा म्हणाले. कमरेची किल्ली सोडून त्यांनी टेबलावर ठेवली. मग आमच्या बाजूला आले, माझ्या पायाशी ठेवलेली आपली वही उचलली, तिच्यावर हात फिरवला आणि तीही किल्लीशेजारी ठेवली. एक्कावन्न वर्षं बँडमध्ये असलेला माणूस माझ्याकडं न बघता दारातून बाहेर गेला. मागं कुणीतरी बोललं, “दिसतो गरीब!” मला त्या वेळी बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

पोलिसापर्यंत जायची मला गरजच वाटली नाही. शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला गेले, ती वेळ साधून मी त्यांच्या घरी गेलो. हमीदाचाची उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. लहानपणी मला त्यांनी किती वेळा जेवू घातलं असेल, गणती नाही.

“चाची, बासन द्या.”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “तुझ्या बापाचं हाय, तुला कोण न्हाई म्हणणार? पर ते येईस्तोवर थांब, बाळा. त्यांच्या तोंडनं ऐक, मग घे.”

“मला त्यांचं काय ऐकायचं न्हाई.”

“मग तुझं तू घे. माझ्या हातानं देणार न्हाई मी.”

मी घेतलं. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत, चाचांच्या ईदच्या अंगरख्याखाली ते होतं. बाहेर पडलो तेव्हा चाची मान खाली घालून पुन्हा तांदूळ निवडत होत्या. मी वाटेत ते उघडलं नाही. साक्षीदार हवा होता ना! तडक दीक्षित सरांच्या घरी गेलो आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

“सोडा, सर. ह्यात चाचांचं अक्षर सापडलं तर मला सांगा.”

सरांनी गाठ सोडली. आत हाती लिहिलेलं काही नव्हतं. जाड, पिवळे पडलेले छापील कागद होते. मोठे, एकेका पानावर ओळींची चळत. सरांनी वरचं पान वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मग दोन ओळी बोटानं टेबलावर ठेका धरत गुणगुणले. सलामी होती.

“बसा, महादेवराव.”

“काय लिहिलंय?”

“बसा आधी.” मी बसलो. “हे लंडनला छापलेलं आहे. साल अठराशे अठ्ठ्याण्णव. विलायतेतल्या कुठल्याशा शहरात यंत्रांचं प्रदर्शन भरलं होतं, त्याच्या उद्घाटनासाठी हा मार्च बांधलेला आहे. बांधणाऱ्याचं नाव इथं आहे. ते तुमच्या वडिलांचं नाही.”

मला वाटलं, सर चेष्टा करतात. पण ते कधी चेष्टा करत नसत. त्यांनी पान माझ्याकडं वळवलं. इंग्रजी मला येत नव्हतं, पण नोटेशन येत होतं. पहिल्या ओळीतच माझ्या वहीतली सुरुवात मला दिसली. आणि कडेला शिसपेन्सिलीनं, बापूंच्या बारीक, उजवीकडं कललेल्या अक्षरात लिहिलं होतं : ‘हे क्लॅरिनेटला द्यावे.’

“हे बघा,” सर हळू आवाजात म्हणाले, “हे साठ जणांच्या ऑर्केस्ट्रासाठी आहे. व्हायोलिनच तीसेक असतील. हार्प आहे, चेलो आहेत. तुमच्या वडिलांपाशी सतरा माणसं होती, आणि त्यांत एकही तारेचं वाद्य नव्हतं. त्यांनी हे सगळं सतरा जणांत वाटलंय. चेलोची ओळ मात्र कुणालाच देता आली नाही. इथं काट मारलीय आणि लिहिलंय, ‘माणूस नाही.’ हे काम सोपं नाही, महादेवराव. मला जमलं नसतं.”

चेलोची ओळ! दार लावून चाचा ती वाजवत होते.

सरांनी कागद नीट जुळवले आणि बासन पुन्हा बांधलं. “मी हे पाहिलेलं नाही, असं म्हणायला तयार आहे,” ते म्हणाले. “पण आता ठरवायचं तुम्ही.”

चाचांकडं कसा गेलो ते मला आठवत नाही. ते नमाजाहून आले होते आणि ओट्यावर बसून एका पातेल्याला कल्हई लावत होते. मी बासन त्यांच्यापुढं ठेवलं आणि शेजारी बसलो.

“बघितलंस?” ते म्हणाले.

“व्हय.”

“आणि कुणी?”

“दीक्षित सरांनी.”

त्यांनी डोळे मिटले. पातेलं खाली ठेवलं. “एकवीस साली मी अठरा वर्षांचा,” ते बोलू लागले. “सतरा वह्यांवर रेघा मीच आखल्या. राजानं हुकूम सोडला, दोन म्हैन्यांत नवी चाल पायजे. कारभारी म्हणला, ह्यांच्यानं झालं न्हाई तर काठी काढून घिऊ, पुन्हा दाराबाहेर उभं करू. मास्तर म्हैनाभर झोपलं न्हाईत. किती चाली बांधल्या आणि फाडल्या! मग जुन्या मास्तरच्या रद्दीत हे घावलं. त्यांनी घेतलं. राजानं पाठ थोपटली, तवा मास्तर खाली बघत हुते. आयुष्यभर कुणी सलामीचं कवतिक केलं की ते खालीच बघायचे. तुला वाटायचं नम्र हायेत.”

खरंच मला तसं वाटायचं. मी ते चारचौघांत अभिमानानं सांगायचो.

“मरताना मला म्हणले, इस्माइल, हे जाळ, आणि महादूला कळू देऊ नगंस. मी शब्द दिला. पर जाळवंना. एवढं मोठं बांधलेलं, त्याला काडी कशी लावू? कपाटातच ठेवलं, कोण सोडतंय म्हणून. आता दीक्षित सर सोडणार म्हणल्यावर उचललं. एकदा ती राहिलेली ओळ वाजवून बघावी म्हणलं, मग जाळायचं. तेवढ्यात तू दार वाजवलंस.”

“मग बैठकीत बोलला का न्हाई, चाचा? मी तुम्हांला चोर म्हणलो.”

“काय बोलू? चोरी केली न्हाई म्हणलो असतो, तर बासन दावा म्हणले असते.” त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “आता ऐक. हे घिऊन जा आणि जाळ. रविवारी शिळा बसू दे. मला गाव चोर म्हणंल, म्हणू दे. चार म्हैन्यांत इसरतील. दगड इसरत न्हाई. मास्तरांचं नाव त्या दारावर लागलं पायजे. बोल, व्हय म्हण.”

मी रडत होतो. मी हो म्हणालो.

रविवारी सकाळी राजवाड्याच्या दरवाजासमोर मांडव पडला होता. आमची सगळी आळी नवे कपडे घालून पुढच्या रांगेत बसली होती. माझ्या शेजारची खुर्ची मोकळी होती. मी वाद्य जुळवत होतो, तेवढ्यात मगदूम बोलायला उभे राहिले.

“मित्रहो, ऐवळे मास्तरांच्या या अमर रचनेची मूळ प्रत आज आपल्याला बघायला मिळाली असती. पण याच बँडमधल्या एका घरभेद्यानं ती पळवली. असल्या माणसाची सावलीसुद्धा या पवित्र दगडावर पडू नये!”

टाळ्या पडल्या. आमच्या आळीनंही वाजवल्या. समोर, टाळ्या वाजवणाऱ्या लोकांच्या मागं, पिंपळाखाली मला हमीदाचाची दिसल्या. त्या शिळा बघायला आल्या होत्या. मास्तरांच्या नावाची शिळा म्हणून, डोक्यावर पदर घेऊन, एकट्या आल्या होत्या. टाळ्या संपल्या तशा वळल्या आणि घरच्या वाटेला लागल्या.

मी क्लॅरिनेट खुर्चीवर ठेवलं आणि माइकपाशी गेलो.

काय बोललो ते शब्दशः आठवत नाही. इस्माइल मुजावरांनी चोरी केलेली नाही, हे बोललो. सलामी माझ्या वडिलांनी बांधलेली नाही, हे बोललो. ती कुठली, कुणाची, बापूंनी का घेतली, चाचांनी का लपवली, सगळं बोललो. बासन माझ्या पिशवीत होतं. जाळायला म्हणून ठेवलेलं. ते मी मगदूमांच्या हातात दिलं. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच वाक्य सुचलं नाही.

पहिली ओरड आमच्या आळीतून आली. माझा चुलतभाऊ दगडू उभा राहून म्हणाला, “अरं, आज्ज्यानं ह्या दाराबाहेर पावसात वाजवलं. तिथं आपलं नाव लागत हुतं, ते तू आपल्या हातानं खोडलंस. दुसऱ्या कुणाची हिंमत झाली नसती!” मग त्याची माणसं उठून गेली. आम्ही त्या दिवशी वाजवलंच नाही.

संध्याकाळ व्हायच्या आधी चाचा माझ्या घरी आले. मला वाटलं, गळ्यात पडतील. मी खरंच तसं समजून उठून पुढं गेलो. ते दारातच थांबले.

“मास्तरांनी माझ्याकडं एकच गोष्ट ठेवायला दिली हुती,” ते म्हणाले. “वीस वर्षं ठेवली. तू एका सकाळी उधळलीस.”

“चाचा, तुम्हांला चोर म्हणत हुते सगळे. चाची ऐकत हुत्या.”

“म्हणू दे म्हणलं हुतं तुला. तो आळ माझा हुता. मी उचलला हुता. तुला उतरवायला कुणी सांगितलं?”

“मला बघवलं न्हाई.”

“तुला बघवलं न्हाई,” ते म्हणाले. “मला चोर म्हणलास तवा तुला बघवत हुतं. तवा बी तू तुझंच बघितलंस आणि आज बी तुझंच बघितलंस. मास्तरांचं कुणी बघायचं?”

एवढं बोलून ते गेले. हौसानं त्यांच्यासाठी चहा टाकला होता. तो तसाच राहिला.

पुढं दीक्षित सरांनी मध्यस्थी केली. पाथरवटानं शिळेवरचा ‘रचना’ हा शब्द खरवडून काढला आणि त्या जागी ‘बँडसाठी मांडणी’ असं कोरलं. खरवडलेली जागा जरा खोलगट दिसते; हात लावला तर कळतं. नाव राहिलं. आमच्या आळीनं मला दोन वर्षं पंगतीला बोलावलं नाही. गावाचं म्हणाल तर त्या दसऱ्यालाच लोक ओरडायला लागले, “सलामी होऊ द्या!” त्यांना सलामी हवी होती, ती कुणाची, ह्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. विलायतेतल्या यंत्रांसाठी बांधलेली चाल घोड्यावरच्या नवरदेवापुढं वाजत राहिली.

त्याच दसऱ्याच्या तालमीला चाचा परत आले. सरळ आत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हणालो, “चाचा, बरं झालं आला.” त्यांनी वही उघडली. ते माझ्याशी बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, पुढं नऊ वर्षं नाही.

नऊ वर्षं आम्ही खांद्याला खांदा लावून वाजवलं. मी सूर दिला की त्यावर ते आपला सूर जुळवत. मी कुठं श्वास घेतो हे त्यांना ठाऊक होतं आणि तिथं ते बरोबर आपला सूर लांबवत, मला उघडं पडू देत नसत. इतरांशी बोलत, हसत, तंबाखूची चिमूट पुढं करत. माझ्यापाशी आले की हात खिशात. ईदला मी त्यांच्या घरी जायचो. चाची शिरखुर्मा द्यायच्या आणि चाचा दुसऱ्या खोलीत उठून जायचे. कितीदा मी रस्त्यात आडवा होऊन माफी मागितली. ते माझं बोलणं पुरं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि बाजूनं निघून जायचे.

मी हौसाला म्हणायचो, “ह्यांच्या मनात माझ्याबद्दल काय हाय, कुणास ठाऊक! पार किडा समजत असतील मला.” माझा स्वभाव कुठला जातो? मला वाटायचं, ते मी मरायची वाट बघत असतील, सगळ्यांना माझ्याविरुद्ध सांगत असतील. तालमीत कुणी कुजबुजलं तरी मला वाटायचं, माझंच चाललंय.

एक्क्याऐंशी सालच्या माघात, सकाळी सात वाजता, दारात सायकल थांबली. चाचांचा थोरला मुलगा अस्लम होता, एस.टी.त कंडक्टर, चाळिशीचा माणूस. डोळे लाल झाले होते.

“अब्बा गेले,” तो म्हणाला. “पहाटे.”

मी खाली बसलो. हौसा आतून आली. मी विचारलं, “सगळ्यांना कळवलं?”

“अजून कुणाला न्हाई. मामूंना बी न्हाई. चुलते शेजारीच ऱ्हात्यात, त्यांचं बी दार वाजवलं न्हाई.” अस्लमनं सायकलीची मूठ घट्ट धरली. “अब्बांनी लई दिवसांपूर्वी सांगून ठेवलं हुतं. मी गेलो की पहिल्यांदा मास्तरांच्या महादूला सांगायचं. घरातलं माणूस त्येच हाय, मग बाकी भावकी.”

अस्लम म्हणाला, “काका, चला. तुम्ही आल्याबिगर अम्मी दुसरीकडं पाठवत न्हाई.” मी तसाच, अनवाणी, त्याच्या सायकलीमागून निघालो.